शेवटच्या वाटेवर सोबत



दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण लूर्द मातेचा सण साजरा करतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्ण दिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्या देवळातही त्या दिवशी पुढचे बाक आजारी व वृद्ध मंडळींसाठी मोकळे ठेवले जातात. कोणी काठी टेकत येते, कोणी नातवाच्या हाताला धरून, कोणी रिक्षातून. मिस्सा होते, रुग्णाभ्यंग संस्कार दिला जातो, नंतर चहा-बिस्किटे होतात आणि सगळे प्रसन्न मनाने घरी जातात.

परंतु त्या बाकांवर जे कधीच येऊ शकत नाहीत, त्यांच्याविषयी आज आम्हांला लिहायचे आहे. हे पत्रक हातात घेऊन आपण देवळाबाहेर उभे असतो, तेव्हा आपल्याच धर्मग्रामातील काही घरांत खिडकीजवळच्या खाटेवर एखादा रुग्ण पडून असतो. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलेले असते की, आता हा रोग बरा होणारा नाही, करण्यासारखे काही राहिले नाही. यातले पहिले वाक्य खरे असेल, पण दुसरे खरे नाही. रोग बरा करता येत नाही तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यातले बरेचसे आपल्या हातांत असते.

उशीच्या खोळीतल्या गोळ्या

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातो. आम्ही म्हणजे धर्मगुरू आणि रुग्णभेट गटातील दोन-तीन मंडळी. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही. घरच्यांना विचारूनच हे लिहीत आहोत.

एक आजी होत्या. कॅन्सर मणक्यापर्यंत पोहोचला होता. कूस बदलायची म्हटली तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, नुसते डोळे भरून येत. जपमाळ हातात असे, पण पहिले रहस्य संपण्याआधीच ती गळून पडे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दर चार तासांनी एक. सून वेळेवर गोळी आणि पाणी देत होती, तरीही वेदना कमी होईना. एक दिवस चादर बदलताना तिला उशीच्या खोळीत त्या गोळ्या सापडल्या. एकेक करून आजींनी लपवून ठेवलेल्या.

आम्ही गेलो तेव्हा सुनेने ही हकिगत दाराशीच सांगितली. आम्ही खाटेजवळ बसलो आणि विचारले, “आजी, गोळ्या का घेत नाही?”

त्या म्हणाल्या, “फादर, तुम्हीच सांगितलं होतं ना, दुःख देवाला अर्पण करा म्हणून. प्रभूनं क्रुसावर गुंगीचा द्राक्षारस घेतला नाही. मी गोळ्या घेऊन निजून राहिले तर त्याला काय तोंड दाखवू?”

बंधुभगिनींनो, आम्ही गप्प झालो. उपवासकाळातल्या एका प्रवचनात ते शब्द आम्ही खरोखरच बोललो होतो. बोलताना आमच्यासमोर धडधाकट माणसे होती, ज्यांना डासाचा चावाही सहन होत नाही अशी. आमचे तेच शब्द एका मरणासन्न बाईने घरी नेले आणि त्यांच्यापायी रात्रीमागून रात्री तळमळत काढल्या. आमचा हेतू वाईट नव्हता. पण अर्धेच सांगितले तर सत्यानेही माणूस जखमी होतो. राहिलेले अर्धे आज सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रभूने काय नाकारले आणि काय नाकारले नाही

आजींचे बोलणे चुकीचे नव्हते. संत मार्कच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात तसे लिहिलेलेच आहे. प्रभूला क्रुसावर खिळण्यापूर्वी गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो घेतला नाही. आपल्या तारणाचे कार्य त्याला पूर्ण शुद्धीवर राहून करायचे होते.

पण तोच प्रभू दुसऱ्यांच्या वेदनेशी कसा वागला ते पाहा. पेत्राची सासू तापाने फणफणली होती. तिला त्याने तापाचे पुण्य समजावून सांगितले नाही, हात धरून उठवले. कुष्ठरोगी, आंधळे, पक्षाघाती, बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री, यांपैकी एकालाही तो म्हणाला नाही की सोसत राहा, त्यातच तुझे भले आहे. चारही शुभवर्तमाने चाळून पाहा. वेदना घेऊन आलेल्या माणसाला प्रभूने रिकाम्या हाताने परत पाठवल्याचा प्रसंग सापडणार नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. त्या जखमी प्रवाशाजवळ शोमरोनी गेला आणि त्याने आधी काय केले? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. त्या काळचे ते औषधच होते. त्याने जवळ बसून प्रवचन केले नाही, प्रथम आग शमवली. मग त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली.

स्वतः प्रभूनेही दुःखाशी खोटा पराक्रम केला नाही. गेथशेमानी बागेत त्याने पित्याजवळ हा प्याला टळू दे अशी विनवणी केली आणि मगच तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हटले. आपल्या मित्रांना त्याने जवळ जागत बसायला सांगितले आणि ते झोपी गेल्याचे त्याला वाईट वाटले. क्रुसावर असताना तहान लागल्याचे त्याने मोठ्याने बोलून दाखवले आणि कोणीतरी आंब भिजवलेला बोळा ओठांना लावला तेव्हा तो त्याने घेतला. म्हणजे वेदना होत आहे हे सांगणे, मदत मागणे, कोणीतरी जवळ बसावे असे वाटणे, यांत श्रद्धेची काहीही उणीव नाही. देवाच्या पुत्रानेही हे सारे केले आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते

हे काही आमचे घरगुती मत नव्हे. १९५७ साली फेब्रुवारी महिन्यात भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी पोप बारावे पायस यांच्यापुढे हाच प्रश्न मांडला होता. मरणाच्या दारी असलेल्या रुग्णाची वेदना शमवण्यासाठी गुंगी आणणारी औषधे द्यावीत का, आणि त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तर काय? पोप महोदयांनी उत्तर दिले की, दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाला आपली धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडण्यात अडथळा येत नसेल तर ती देता येतात. हेतू वेदना शमवण्याचा आहे, मारण्याचा नाही.

१९८० साली रोमने इच्छामरणाविषयी जी घोषणा प्रसिद्ध केली, तीत हीच शिकवण पुन्हा सांगितली आहे. एखादा भाविक स्वखुशीने औषध कमी घेऊन आपले दुःख प्रभूच्या दुःखसहनाशी जोडू इच्छीत असेल तर ते स्तुत्य आहे. परंतु असा पराक्रम सर्वांनी करावा असा नियम लादणे शहाणपणाचे नाही, असे त्या घोषणेत म्हटले आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ सालच्या ‘इव्हांजेलियुम व्हिते’ या परिपत्रकात या शिकवणीचा पुनरुच्चार केला. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७९ व्या परिच्छेदात तर पॅलिएटिव्ह केअरला, म्हणजे असाध्य रोग्याची वेदना हलकी करणाऱ्या सेवेला, निःस्वार्थ प्रीतीचे एक विशेष रूप म्हटले आहे.

दोन गोष्टींची मात्र गल्लत होऊ देऊ नये. रुग्णाचा जीव जावा म्हणून औषध देणे हे पाचव्या आज्ञेचे उल्लंघन आहे, मग त्याला दयामरण म्हणा किंवा आणखी काही. पण ज्या उपचारांचा आता उपयोग नाही, जे रुग्णाला नुसते छळतात, ते थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात हे स्पष्ट केले आहे. मरण आपण आणत नाही, आपल्याला ते अडवता येत नाही एवढे मान्य करतो. पाणी, स्वच्छता, ऊब, वेदनाशमन, माणसाची सोबत या गोष्टी मात्र कधीही थांबवायच्या नाहीत. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालाने निरुपयोगी उपचार न घेण्याविषयी माणसाला आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. तेव्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही हा प्रश्न पुढे आला तर घाबरून जाऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, “याने रुग्ण बरा होईल, की फक्त मरण लांबेल?” मन साशंक असेल तर धर्मगुरूंशी बोला.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे शेवटचे दिवस आपल्यापैकी पुष्कळांनी २००५ साली दूरदर्शनवर पाहिले आहेत. अनेक वर्षे ते कंपवाताने आजारी होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवले गेले नाही. आपल्याच खोलीत, आपल्या माणसांत, रुग्णाभ्यंग घेऊन २ एप्रिलच्या रात्री त्यांनी देह ठेवला. दुःखसहनाच्या अर्थाविषयी त्यांनीच १९८४ साली एक पत्र लिहिले होते. दुःखाचे मोल सांगणाऱ्या त्या पत्राचा शेवटचा भाग चांगल्या शोमरोन्याविषयी आहे. आपल्या दुःखाने इतरांचे भले करा आणि दुःखी माणसाचेही भले करा, या दोन्ही गोष्टी प्रभूने एकत्र शिकवल्या, असे ते सांगतात. आम्ही त्या आजींना पहिली सांगितली आणि दुसरी सांगायची राहून गेली.

वेदनेचे औषध

आम्ही डॉक्टर नाही, पण या सेवेत मुरलेल्या डॉक्टर व परिचारिकांकडून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

सिसिली सॉंडर्स या इंग्लंडमधील ख्रिस्ती बाई. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. हॉस्पिस म्हणजे पूर्वी यात्रेकरूंसाठी असलेली धर्मशाळा. शेवटच्या यात्रेला निघालेल्यांसाठीही अशी धर्मशाळा असावी असे त्यांना वाटले. त्या सांगत की, मरणाऱ्या माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची असते, घरच्यांच्या काळजीची असते, आत्म्याचीही असते. आणि या चारही वेदनांवर एकत्र इलाज करावा लागतो. २००५ साली त्याच हॉस्पिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या देशातले पहिले हॉस्पिस फार दूर नाही. मोत मावलीच्या जत्रेला आपण दरवर्षी बांद्र्याला जातो, मेणबत्त्या लावतो. त्याच डोंगरावर, मावलीच्या देवळाजवळच १९८६ साली शांती अवेदना हे हॉस्पिस सुरू झाले. बरे न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची तिथे जात-धर्म न विचारता सेवा केली जाते. पुढच्या वेळी जत्रेला जाल तेव्हा तिथल्या रुग्णांसाठीही एक नमो मारिया म्हणा.

त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी एक पायऱ्यांची पद्धत सांगितली. वेदना थोडी असेल तर पॅरासिटामॉलसारखे साधे औषध, वाढली तर त्याहून जोरकस, आणि तीव्र असेल तर मॉर्फिन. शक्यतो तोंडानेच द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. ही घड्याळाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत वेदना अगदी असह्य झाल्यावरच गोळी दिली जाते. मग ती काम करीपर्यंत रुग्ण तळमळत राहतो. दुखणे परत येण्याआधीच पुढची गोळी द्यायची, म्हणजे ते डोके वर काढत नाही.

मॉर्फिनविषयी लोकांच्या मनात मोठी भीती असते. याने व्यसन लागेल का? डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेणाऱ्या रुग्णाला तसे व्यसन लागण्याचा धोका फार थोडा असतो. याने माणूस लवकर जातो का? कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेप्रमाणे हळूहळू वाढवले तर तसे होत नाही. उलट वेदना उतरल्यावर रुग्णाला झोप लागते, दोन घास जातात. पहिले काही दिवस सुस्ती आणि मळमळ वाटते, पण ती बहुधा कमी होते. शौचाला मात्र जवळजवळ सर्वांनाच घट्ट होते, म्हणून त्याचे औषध सोबतच द्यावे लागते. गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, एकदम बंद करू नका, मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका.

हे औषध मिळवणेही आपल्याकडे दीर्घकाळ अवघड होते. अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात अमली पदार्थांच्या १९८५ सालच्या कायद्यामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायला बिचकत. २०१४ साली संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट सोपी केली. तरीही ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. म्हणून घरी कॅन्सरचा रुग्ण असेल तर वेदना वाढण्याची वाट पाहू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारा, “वेदनेसाठी कोणाकडे जायचे?” परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

मयतीला गर्दी, रात्रीला एकटी सून

आता एक कटू गोष्ट सांगतो. राग मानू नका.

आपल्याकडे कोणी वारले की माणसे धावून येतात. आळी भरून जाते. पुष्पचक्रे येतात, रडणाऱ्याला कोणी सावरतो, कोणी चहा करतो, कोणी कबर खणायला जातो. महिन्याच्या मिस्सेलाही देऊळ भरते. ही आपली फार चांगली रीत आहे आणि ती टिकली पाहिजे. पण त्या मयतीच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या घरात रात्री कोण होते? बहुतेक वेळा एक सून किंवा एक लेक. तिने रात्री तीन-तीन वेळा उठून कूस बदलली, चादरी धुतल्या, सकाळी मुलांचे डबे केले. कित्येक रविवार तिला मिस्सेला येता आले नाही, आणि आपण मनात म्हटले, ही हल्ली देवळात दिसत नाही!

भेटीला जाणारे जातात, नाही असे नाही. पण दाराशी उभे राहून हळू आवाजात विचारतात, “कितपत आहे?” मग खाटेजवळ जाऊन मोठ्याने म्हणतात, “काही होत नाही तुम्हांला, बरे व्हाल!” रुग्णाला सगळे ठाऊक असते. त्या खोट्या धीराने तो आणखी एकटा पडतो, कारण मनातले कोणाशी बोलायचे हा प्रश्न त्याच्यापुढे राहतोच. त्यापेक्षा खुर्ची ओढून बसा. हात हातात घ्या. विचारा, “आज काय दुखते? काय वाटते?” आणि ऐका. उत्तर देता आले नाही तरी चालेल. क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मातेने आणि संत योहानाने काय उत्तर दिले होते? ती दोघे तिथे उभी राहिली, पळाली नाहीत. रोमने २०२० साली शेवटच्या आजारातील रुग्णांच्या सेवेविषयी जे पत्र प्रसिद्ध केले, त्याचे नावच चांगल्या शोमरोन्यावरून ठेवले आहे आणि क्रुसाखालच्या या सोबतीची आठवण त्यातही करून दिली आहे.

घरच्यांसाठी काही साध्या गोष्टी. उठता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ओठ आणि तोंड ओल्या कापडाने वारंवार पुसावे. शेवटी शेवटी घोटभर पाण्यापेक्षा हा ओलावाच जास्त सुख देतो. शेवटच्या दिवसांत भूक मंदावते. रुग्ण खात नाही म्हणून मरत नाही, शरीर मिटत चालले आहे म्हणून खात नाही. जबरीने भरवू नका. मागेल ते, मागेल तेवढे द्या. श्वास घेताना घशात घरघर होऊ लागली तर घाबरू नका, कुशीवर वळवा आणि डॉक्टरांना कळवा. डोळे मिटलेले असले तरी त्याला ऐकू येत आहे असे समजूनच बोला. जमिनीच्या वाटण्या आणि मयतीचा खर्च ही बोलणी त्या खोलीत नकोत. तिथे हळू आवाजात प्रार्थना म्हणा, त्याचे नाव घ्या, त्याचे आभार माना, काही चुकले असेल तर क्षमा मागा.

वाटेची शिदोरी

आणखी एक विनंती. फादरांना बोलावले तर रुग्ण घाबरेल, आता आपले संपले असे त्याला वाटेल, या भीतीने पुष्कळ घरांत आम्हांला अगदी शेवटी निरोप येतो. आम्ही पोहोचतो तेव्हा रुग्ण बोलण्यापलीकडे गेलेला असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले आहे की, रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही. आजार गंभीर झाला की तो घ्यावा. आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही आजारी माणसाने ख्रिस्तसभेच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे असेच सांगितले आहे. रुग्ण शुद्धीवर असताना त्याला पापनिवेदन करता येते, मन मोकळे करता येते, ख्रिस्तप्रसाद घेता येतो. मरणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिन भाषेत वाटेची शिदोरी या अर्थाचे नाव आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण शिदोरी बांधून न देता पाठवतो का?

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्या दिवशी आम्ही त्यांच्यापाशी बराच वेळ बसलो. शोमरोन्याच्या तेलाची गोष्ट सांगितली. म्हणालो, “आजी, आमचे सांगायचे अर्धे राहिले होते, आम्हांला क्षमा करा. या गोळ्या म्हणजे ते तेल आहे. प्रभूने ज्याच्या हातून पाठवले त्याच्या हातून घ्या. एवढे करूनही जे दुखणे राहील, ते अर्पण करा.” त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिले. मग सुनेला म्हणाल्या, “दे बाय, ती गोळी.”

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. जपमाळेची पाचही रहस्ये त्यांनी आमच्याबरोबर म्हटली, मध्ये न थांबता. मधल्या काळात त्यांनी आपल्या धाकट्या भावाला निरोप धाडून बोलावून घेतले होते. बांधावरून झालेल्या भांडणामुळे अनेक वर्षे त्याच्याशी अबोला होता. तो आला, दोघे रडली, चहा प्याली. वेदनेने मूठ आवळलेली होती तोवर हे काही शक्य नव्हते. ती थोडी सैल झाली आणि त्या हाताने भावाचा हात धरला. काही आठवड्यांनी पहाटे त्या गेल्या. सून उशाशी होती आणि त्या रात्री शेजारची एक बाईही तिच्यासोबत जागत होती.

बंधुभगिनींनो, ती शेजारीण प्रत्येक आळीत असावी एवढीच आमची मागणी आहे. केरळात १९९३ साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू झाले आणि पुढे गावोगावचे सामान्य लोक थोडे प्रशिक्षण घेऊन त्यात सामील झाले. आपल्या शेजारच्या रुग्णाची काळजी शेजारीच घेऊ लागले. आपल्याला हे का जमू नये? आपल्या समूहाच्या पुढच्या सभेत एवढेच विचारा: आपल्या आळीत कोण अंथरुणाला खिळून आहे? त्या घरी आठवड्यातून दोन तास कोण बसेल, म्हणजे त्या सुनेला झोप घेता येईल किंवा मिस्सेला येता येईल? गोळ्या आणायला परळला कोण जाईल? नावे धर्मग्राम कार्यालयात द्या. रुग्णभेट गटातील मंडळी तुमच्याबरोबर पहिल्यांदा येतील.

आणि तुमच्या घरात कोणी वेदनेने तळमळत असेल आणि औषध घेणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे असे त्याला वाटत असेल, तर हे पत्रक त्याला वाचून दाखवा. त्याने तरीही ऐकले नाही, तर आम्हांला बोलवा. आम्ही येऊ आणि त्याच्यापाशी बसू.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभो येशू, तू बागेत एकटा होतास तेव्हा तुझे मित्र झोपी गेले. आज आमच्या घराघरांत जे वेदनेने जागे आहेत, त्यांच्याजवळ आम्हांला जागे ठेव. डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या हातांना तुझी करुणा दे. रात्रंदिवस सेवा करून थकलेल्या लेकी-सुनांना विसावा दे. आमच्या बोलण्याने कोणाचे ओझे वाढले असेल तर आम्हांला क्षमा कर. आणि आमचीही ती घटका येईल तेव्हा तुझी पवित्र माता मारिया आणि संत योसेफ यांच्या सोबतीने, तुझी शिदोरी घेऊन आम्हांला पित्याच्या घरी ने. आमेन.